स्थानिक कामगाराचा जबाब

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की बाईनं लपवलं. मी तिच्यावर जळायचे. उठता-बसता जळायचे. दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखतं म्हणतात, माझं नुसतं पोटावर भागत नव्हतं.

आमचं दुकान कवळ्यांचं. पुढच्या खोलीत एक मागे कलणारी खुर्ची, हात धुवायचं बेसिन आणि वाट बघणाऱ्यांसाठी बाक. मागच्या खोलीत मेण, प्लॅस्टर, स्पिरिटचे दिवे, आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांच्या जबड्यांचे साचे. मालक स्वतः दातांचे डॉक्टर, पण हात थरथरायला लागल्यापासून ते फोन घेतात आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतात. काम मी करायचे. एक-दोन नाही, सव्वीस वर्षं. या गावातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी जेवतात, असं मी छाती फुगवून सांगायचे, आणि ते ऐकून कोणी हसलं तर त्याच्याशी आठवडाभर बोलायचे नाही.

तीन वर्षांपूर्वी ती आली, सीमेपलीकडून. काम वाढलं होतं. मालकांनी सहा महिने जाहिरात दिली, पण इथल्या पोरींना म्हाताऱ्यांच्या तोंडात बोटं घालायची हौस नाही. शेवटी त्यांनी पलीकडून माणूस मागवलं. पस्तिशीची बाई, एक बॅग, कापडाच्या गुंडाळीत स्वतःची हत्यारं. मला पहिल्याच दिवशी 'ताई' म्हणाली. मी तिचं नाव पाडलं 'पाहुणी'. तिला वाटलं मी लाडानं म्हणते, मालकांनाही तसंच वाटलं. मी मनात म्हणायचे, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली कुठे! पण हिची तीन वर्षं झाली, आणि अक्कल म्हणाल तर सगळी हिच्याकडेच.

माझी पद्धत सरळ होती. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, मेणाची पट्टी तोंडात द्यायची, "आजी, आता हळूच मिटा, चावा" म्हणायचं, खूण करायची. मग मागे जाऊन फूटपट्टी लावून दात बसवायचे. पुढचे दोन अगदी सारखे, मधली रेघ नाकाच्या शेंड्याखाली, सुळे दोन्हीकडे समान. बघणाऱ्याला कॅलेंडरवरचं हसू वाटलं पाहिजे.

आणि पाहुणी काय करायची? मेणात बसवलेले दात माणसाच्या तोंडात घालायची, समोर स्टूल ओढून बसायची आणि विचारायची, "घरात सगळ्यात जास्त कोणावर ओरडता?"

माणूस बावचळायचं. मग कोणी म्हणे सुनेवर, कोणी नवऱ्यावर, कोणी शेजाऱ्याच्या कुत्र्यावर.

"मग ओरडा. समोरच आहे समजा."

आणि म्हाताऱ्या सुरू व्हायच्या! काय एकेकीची तोंडं! बाकावरचे लोक हसून हसून वाकायचे, मालक फोन कानाला तसाच धरून आतून डोकवायचे. पाहुणी मात्र हसायची नाही. ती हनुवटीकडे बघत राहायची आणि मध्येच "थांबा" म्हणून मेणावर नखानं खूण करायची. तिचं म्हणणं, डॉक्टरच्या खुर्चीत माणूस शहाण्यासारखा चावतो, जबडा पुढे काढून. भांडायला लागला की त्याचा जबडा आपल्या जागेवर येतो.

मला हा सगळा तमाशा वाटायचा. पण तिच्या कवळ्या परत यायच्या नाहीत, माझ्या यायच्या. कोणाची टोचते, कोणाची बोलताना उडते. सव्वीस वर्षं मी धरून चालले होते की कवळी म्हटली की दोन-तीनदा घासायला परत येणारच, ते तिच्या जन्माचंच आहे. ही आल्यावर कळलं, तसं काही नसतं. हे कळणं फार वाईट. ती आली नसती, तर मी या गावातली सगळ्यात चांगली कारागीर म्हणून सुखानं मेले असते.

त्यात बाबांचं प्रकरण झालं. घरी मी आणि बाबा, दोघंच. त्यांना मी तीन कवळ्या करून दिल्या होत्या आणि तिन्ही कपाटात पडून होत्या. "टोचते गं." "शिट्टी वाजते गं." "ही घातली की मी दुसराच कोणीतरी वाटतो गं." मी म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं, तुम्हाला घालायचीच नाही. एक दिवस मालकांनी मला न विचारता त्यांना दुकानात बोलावलं आणि पाहुणीसमोर बसवलं. तिनं आधी जुना फोटो मागितला. फोटोत बाबा तिशीतले, पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला. मेणाचे दात झाल्यावर तिचं नेहमीचं सुरू झालं.

"आजोबा, कोणावर ओरडता?"

"आमच्या हिच्यावर." बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

"ओरडा."

मला वाटलं गंमत करतील. पण म्हातारा सुटलाच. "लहानपणापासून अशीच! शेजारच्या पोरीला नवा फ्रॉक आला की हिला ताप चढायचा! धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तर चार दिवस जेवली नाही! कुणाचं चांगलं म्हणून बघवत नाही, जळकी कुठली!"

"थांबा," पाहुणी म्हणाली आणि खूण केली.

बाकावर चार माणसं बसलेली होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आठ दिवसांनी बाबांना कवळी मिळाली, तो एक दात तसाच शेजारच्यावर चढलेला. मी असला वाकडा दात बसवला असता तर लाजेनं नोकरी सोडली असती. बाबांनी आरशात बघितलं, आणि बघतच राहिले. "अरे, हा तर मीच की!" घरी येऊन त्यांनी पावाची कडक कड चावून चावून खाल्ली, मला स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशी. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. पोटच्या पोरीच्या तीन कवळ्या कपाटात, आणि परकीची एक तोंडात!

आता कायद्याचं सांगते. बाहेरून आलेल्या कामगाराचा परवाना तीन वर्षांचा असतो. तो वाढवायचा तर परवाना कचेरीला एक कागद द्यावा लागतो, 'स्थानिक कामगाराचा जबाब'. त्याच धंद्यातल्या, दहा वर्षांहून जास्त अनुभव असलेल्या इथल्या कामगारानं, मालकानं नव्हे, त्यावर एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. 'सदर काम आपणांस येते काय?' खाली दोन चौकोन. 'नाही'वर खूण केली की बाहेरच्याला आणखी पाच वर्षं. 'हो'वर केली की त्याची इथे गरज नाही, तीस दिवसांत गाशा गुंडाळायचा.

आमच्या दुकानात इथली अशी मी एकटीच. मालकांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं.

"'नाही'वर खूण कर आणि खाली सही. पाच मिनिटांचं काम."

"मला कवळी करता येत नाही, असं लिहून देऊ?"

"अगं, 'सदर काम' म्हणजे ती करते तसं काम."

"ती करते ते काम, आणि मी सव्वीस वर्षं केलं ते काय होतं, भातुकली?"

मालक काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. ते चष्मा पुसायला लागले. त्यांनी नुसतं 'नाही गं' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

पाहुणी दारात उभी होती. ती म्हणाली, "ताई, तिकडे मला हे काम करू देत नाहीत." मग तिनं थोडक्यात सांगितलं. तिच्या वडलांनी तरुणपणी सरकारविरुद्धच्या एका पत्रकावर सही केली होती, म्हणून त्यांच्या मुलांना परवाना लागणारं कुठलंच काम मिळत नाही. चोरून शिकली होती ती, एका म्हाताऱ्या कारागिराच्या घरी. इथे येण्याआधी चार वर्षं खोकी चिकटवायच्या कारखान्यात होती. "गेले तर पुन्हा खोकीच," ती म्हणाली. रडली नाही, हात जोडले नाहीत. रडली असती तर मी कदाचित 'नाही' लिहिलंही असतं, कारण माझ्यापुढे कोणी रडलं की मला बरं वाटतं. पण ती सरळ उभी होती, आणि त्या सरळ उभं राहण्याचाच मला राग आला.

मी 'हो'वर खूण केली. प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, यात खोटं ते काय? येतंच मला.

घरी जेवताना बाबांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"असं कसं लिहिलंस?"

"घराला दार असतं की नाही, बाबा? कोणीही यावं आणि बसावं?"

"असतं ना. हे घर माझं, याचं दार मी लावीन. दुकान मालकांचं. त्यांनी तिला बोलावलं, ती आली. राहते ती खोली तिनं भाड्यानं घेतलीय. यात तू नेमकी कुठल्या दारात उभी आहेस ते सांग."

"देशाच्या."

"अरे वा! देशानं तुला राखणीला बसवलंय होय?"

"बसवलंयच! कागदच आहे तसा. आणि आज एक आली, उद्या दहा येतील. मग मला कोण ठेवणार? इथे जन्मले, इथे राबले, माझा काही हक्क आहे की नाही?"

बाबांना माझं अगदीच पटलं नाही असं नव्हतं, ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

"आहे ना. घाबरायचा तर आहेच आहे. मग तसं लिहायचं होतंस, भीती वाटते म्हणून. 'येतं' असं का लिहिलंस?"

"चौकोनच दोन होते!"

"तिनं केलेलं इथे नको ना तुला? मग हेही परत देऊन टाक." त्यांनी तोंडातली कवळी काढली, धुतली, रुमालात गुंडाळली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. त्या दिवसापासून ते दुधात कुस्करलेला पाव खायला लागले. मी ती कवळी कोणाला देणार? पर्समध्ये ठेवून नुसती हिंडत राहिले.

आठवड्यात कचेरीचा नकार आला. तीस दिवस. मला वाटलं आता दुकानात रडारड होईल, टोमणे बसतील. मी उत्तरं तयार करून गेले होते. पाहुणीनं माझं स्टूल उचलून तिच्या टेबलाशी नेऊन ठेवलं होतं.

"बसा, ताई. माझी अकरा माणसं अर्धवट आहेत. तीस दिवसांत सगळी होणार नाहीत, उरलेली तुमच्याकडे येणार. तुम्ही लिहिलंय ना, येतं म्हणून? मग यायलाच पाहिजे."

टोमणा असता तर मी परतवला असता. तो टोमणा नव्हता. तिला खरंच त्या अकरा तोंडांची काळजी होती.

मी बसले. पहिल्या दिवशी एका आजीला ओरडायला लावलं आणि तिनं जावयाचा असा काही उद्धार केला की मी फस्सकन हसले. पाहुणीनं माझ्या मनगटावर टिचकी मारली. "काय बोलतात ते ऐकू नका. हनुवटी बघा." पण मला ऐकायचंच असायचं! लोकांच्या घरातली भांडणं फुकटात मिळतात आणि हनुवटी काय बघायची? चार दिवस मी चुकत राहिले. लवकर 'थांबा' म्हणायचे, नाहीतर उशिरा. फूटपट्टीकडे हात गेला की पाहुणी ती काढून घ्यायची, आणि गिऱ्हाइकाचा जुना फोटो समोर सरकवायची. सातव्या की आठव्या दिवशी एक शिक्षक खुर्चीत होते, आपल्या भावावर ओरडत होते, आणि मला दिसलं. जबडा किंचित मागे सरकला आणि तिथेच बसला, दाराची कडी बसते तसा. "थांबा!" मी म्हणाले, आणि त्याच क्षणी तीही म्हणाली. दोघींचं एकदम.

तिला आनंद झाला. मलाही झाला, नाही कशाला म्हणू? पण माझा आनंद फार टिकत नाही. बेसिनशी हात धुताना मनात आलं, हिला शिकवताही येतं! मी सव्वीस वर्षांत एकाही माणसाला काही शिकवलं नव्हतं. कोणी विचारलं तर मेणाच्या डब्यावर झाकण ठेवायचे.

आणि एक संशय होताच. ही गोड बोलून मला जबाब मागे घ्यायला लावणार. आज म्हणेल, उद्या म्हणेल, म्हणून मी वाट बघायचे. ती काही म्हणेना. शेवटी तिनं विनवावं म्हणून मी तिच्याआधी दुकानात जाऊन बसायला लागले. ती यायची, "लवकर आलात, ताई?" म्हणायची आणि दिवा पेटवायची.

तिसऱ्या आठवड्यात कचेरीचं दुसरं पत्र आलं. मालकांनी आम्हाला कोणाला न सांगता तक्रार केली होती की हा जबाब खोटा आहे, आमच्या बाईंना हे काम येत नाही. कचेरीनं उत्तर दिलं होतं: येत्या सोमवारपासून परीक्षा घेऊ. आमच्या अधिकाऱ्यासमोर त्या बाईंनी एक कवळी करावी. चांगली झाली तर जबाब खरा, बाहेरची कामगार जाईल. बिघडली तर जबाब खोटा, तिला पाच वर्षं.

मालक खुशीत पत्र वाचत होते. मग त्यांचं लक्ष आमच्या दोघींच्या एका टेबलाकडे गेलं.

"मी तक्रार केली तेव्हा हिला येत नव्हतं," ते पाहुणीला म्हणाले. "आता?"

"आता येतं," ती म्हणाली.

मालक मटकन बाकावर बसले.

घरी बाबांना कळलं. बोळक्या तोंडानंही म्हातारा टोमणा मात्र स्पष्ट मारतो. "त्यात काय अवघड? मुद्दाम बिघडवायचीसुद्धा गरज नाही. तुझ्या जुन्या पद्धतीनं कर, आपोआप बिघडेल."

मला हसू आलं, आणि मग नाही आलं. पण त्यांचं खरं होतं. सोमवारी दुकानाची पायरी चढले तेव्हा माझं ठरलेलं होतं. फूटपट्टी घ्यायची, 'हळूच चावा' म्हणायचं, आणि हरायचं.

कचेरीतल्या अधिकारी बाई कुलपाची पेटी घेऊन आल्या होत्या. रोज संध्याकाळी अर्धवट काम त्या पेटीत ठेवून किल्ली स्वतः नेणार होत्या. सोबत एक आजोबा, वृद्धाश्रमातून आणलेले, पूर्वीचे बस ड्रायव्हर. वरचा-खालचा एकही दात नाही. सरकारी मोफत कवळीच्या यादीत दोन वर्षं होते, त्यांचा नंबर परीक्षेमुळे लागला. सोमवारी मी माप घेतलं, मंगळवारी साचा केला, बुधवारी मेणातले दात त्यांच्या तोंडात घातले. पाहुणीला बोलायची परवानगी नव्हती. ती कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती आणि बघत होती.

'हळूच चावा' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, "आजोबा, घरात कोणावर ओरडता?"

"घर कुठलं, बाई?"

"मग पूर्वी कोणावर ओरडायचात?"

"रस्ता ओलांडणाऱ्यांवर!" त्यांचे डोळे चमकले. "ए बहिऱ्या! हॉर्न ऐकू येत नाही का? घरी सांगून आलायस का रे? बापाचा रस्ता आहे?" दोन्ही हात हवेत, स्टिअरिंग धरल्यासारखे. मी हनुवटी बघत होते. "थांबा," मी म्हणाले आणि खूण केली.

का केलं? तेव्हा स्वतःला सांगितलं, बिचाऱ्याच्या तोंडात मुद्दाम वाईट कवळी कशी घालू, पाप लागेल. सगळं झूठ. कोपऱ्यात ती बघत होती. तिच्याइतकं मला येतं, हे दुसऱ्या कोणी नाही, तिनं बघायला हवं होतं. तीन वर्षं मी त्याचीच वाट बघत होते.

शिवाय माझा आणखी एक हिशोब होता, दोन्ही डगरींवर हात ठेवायचा. परीक्षेच्या कागदावर शेवटी एक रकाना होता: 'बाधित कामगाराची हरकत'. म्हणजे पाहुणीची. तिनं त्यात काहीही लिहिलं की प्रकरण वरच्या समितीकडे जाणार, समितीला दोन वर्षं लागणार, आणि तोवर तिला इथेच राहता येणार. मालकांनी हे तिला माझ्यासमोर चारदा समजावलं होतं. म्हणजे मी कवळी झकास करायची, तिनं हरकत घ्यायची. माझंही नाव राहील, तीही राहील. मी जीव ओतून काम केलं. आजोबांचा वृद्धाश्रमातल्या ओळखपत्रावरचा फोटो पंचवीस वर्षांपूर्वीचा होता. त्यात पुढच्या दोन दातांमध्ये फट होती. मी फट ठेवली.

शुक्रवारी कवळी बसवली. आजोबा दोनदा रस्त्यावरच्या लोकांवर ओरडले, कवळी जागची हलली नाही. अधिकारी बाईंनी बिस्किट दिलं, ते त्यांनी कडाकड खाल्लं. बाईंनी कागदावर 'उत्तम' लिहिलं आणि कागद पाहुणीकडे सरकवला.

"हरकत असल्यास लिहा."

मालक पुढे वाकले. "लिही. काहीही लिही. डावीकडे दाबतंय म्हण."

पाहुणीनं आधी हात धुतले. मग आजोबांच्या तोंडात बोट घालून हिरड्यांवरून सगळीकडे फिरवलं, अगदी सावकाश. त्यांना आणखी एकदा ओरडायला लावलं. नवल बघा, त्या वेळीसुद्धा ती काहीतरी चूक काढेल म्हणून मला भीती वाटत होती, आणि काढणार नाही म्हणूनही.

"हरकत घेतली तर या कवळीचं काय?" तिनं विचारलं.

"पुरावा म्हणून जप्त. निकाल लागेपर्यंत पेटीत."

"आणि आजोबा?"

"त्यांचा यादीत पुन्हा नंबर लागेल तेव्हा दुसरी मिळेल."

आजोबांनी ऐकलं. त्यांनी दुसरं बिस्किट उचललं होतं, ते हातातच धरून ते पाहुणीकडे बघायला लागले. तिनं पेन घेतलं आणि लिहिलं, 'हरकत नाही. काम चांगले आहे.' खाली सही केली.

"अगं, काय केलंस!" मालक ओरडले.

त्यांच्याहून माझा आवाज वर चढला. "अहो बाई, थांबा! हे मला तिनं शिकवलंय! महिन्यापूर्वी मला यातलं काही येत नव्हतं. मी खोटं लिहून दिलं होतं. जळत होते मी तिच्यावर, म्हणून लिहिलं!" सव्वीस वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते भर दुकानात, बाकावरच्या माणसांसमोर बोलले.

अधिकारी बाईंना राग आला नाही. उलट त्यांचा चेहरा उजळला. "शिकवलं? छानच की! बाहेरच्यांनी इथल्यांना शिकवावं आणि मग जावं, कायदा त्यासाठीच तर आहे. सगळीकडे असं झालं तर काय हवं?"

"पण मी खोटं लिहिलं होतं."

"आज येतं ना तुम्हाला?"

मी पाहुणीकडे बघितलं. ती हत्यारं पुसून कापडात ठेवत होती, तिनं वर पाहिलं नाही. नाही म्हणायचं होतं मला. पण आजोबा समोर बसले होते, तोंडात कवळी घालून.

"येतं," मी म्हणाले.

"मग जबाब खरा." त्यांनी शिक्का मारला, पेटी उचलली आणि गेल्या.

मालक मागच्या खोलीत निघून गेले. मी तिथेच उभी राहिले. आता ती मला काहीतरी बोलेल असं वाटत होतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं, मी ती घेतली असती. ती आजोबांसमोर स्टूल ओढून बसली. कवळी रोज काढून पाण्यात ठेवा, कोरडी ठेवू नका. धुताना बेसिनमध्ये आधी पाणी भरा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. पहिले चार दिवस छोटे घास घ्या. आजोबा मान हलवत होते, मध्येच विसरत होते, आणि ती न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. त्यांचा हात तिनं हातात धरला होता. माझ्याशी एक अक्षर नाही. मी बघत राहिले, आणि त्या दात नसलेल्या म्हाताऱ्याचाही मला हेवा वाटला.